डबा खोटं बोलला तेव्हा

दापोलीत मला ओळखणारे लोक दोन प्रकारचे. काहींना वाटतं, निवृत्तीनंतर मी घरबसल्या टायपिंगची कामं घेते. बाकीच्यांना वाटतं मी मोबाइल दुरुस्त करते, आणि ते आपले फुटके मोबाइल घेऊन दारात उभे राहतात. मे महिन्यात तर खेडहून एक गृहस्थ मिक्सर घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही ते आतलं काम करता ना?" मिक्सरचे कार्बन ब्रश गेले होते, ते बदलून दिले. पण 'आतलं काम' हा शब्द मला आवडला. वीसेक वर्षं मी करते ते अगदी आतलंच काम आहे. या अंकाच्या संपादकबाईंनी बजावलंय की आम्हाला कळेल असं लिहा, म्हणून आधी ते काम सांगते.

कॉम्प्युटर घ्या, मोबाइल घ्या, एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं यंत्र घ्या. त्याच्या पोटात सगळ्यात तळाला एक प्रोग्राम चालू असतो, त्याला कर्नल म्हणतात. वरचा कुठलाही प्रोग्राम त्याला विचारल्याशिवाय काही करू शकत नाही. जगात असे बरेच कर्नल आहेत. त्यातला एक कोणाच्याही मालकीचा नाही. देशोदेशीची माणसं मिळून तो लिहितात. कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायची माझी नोकरी होती. तिथे मातीचा ओलावा मोजायचं एक यंत्र कॉम्प्युटरशी काही केल्या बोलेना. त्याच्या मागे लागता लागता मी या कर्नलच्या भानगडीत पडले ती पडलेच. नोकरीतून निवृत्त झाले, यातून होणार नाही.

प्रोग्राम लिहायला एक दिवस लागला तर त्याचा पॅच तयार करायला चार लागतात. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. काढलेल्या ओळीपुढे वजाची खूण, घातलेल्या ओळीपुढे अधिकची. वरती, हे का करावं लागलं ते सरळ भाषेत. खाली स्वतःचं खरं, पूर्ण नाव. त्या नावाचा अर्थ असा की हे मी लिहिलंय, उद्या बिघडलं तर मला धरा. मग जगभरचे लोक वाचतात त्या ईमेल-यादीवर ते टाकायचं. ईमेल अगदी साधा हवा. रंग नको, ठळक अक्षरं नकोत, सोबत काही जोडलेलं नको. ओळीच्या सुरुवातीला टॅबच्या जागी स्पेस पडली तरी पॅच परत येतो. माझा पहिला पॅच तीनदा परत आला, तिन्ही वेळा या टॅबपायी. आमचे हे म्हणाले, "अगं, तलाठ्याकडे सातबाऱ्यातली चूक यापेक्षा लवकर दुरुस्त होते."

कर्नलच्या प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. तो तुमचा पॅच वाचतो आणि चारचौघांत चुका काढतो. तिथे 'छान प्रयत्न' वगैरे म्हणायची पद्धत नाही. राखणदारांतल्या निम्म्यांना अजून मी पुरुष वाटते. त्यांची ही चूक मी कधी दुरुस्त केलेली नाही. माझा पॅच बघा, मला बघून काय करणार?

आता दाभोळकडे वळते, कारण मला सांगायचंय ते तिथलं आहे.

चंद्राबाई माझी तिसऱ्यावाली, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या विकणारी. आठवड्यातून दोनदा पहिल्या एसटीनं दाभोळहून टोपली घेऊन यायची. तिच्या मुलाची, दिनेशची, इंजिनाची होडी आहे, आणि तोच त्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. एकदा तिसऱ्या मोजून देताना तिनं विचारलं, "बाई, तुमी यंत्रा बघता ना? आमच्या होडीवरचा पाणी मोजायचा यंत्र आंधळा झालाय. आवाज करतो, पन दाखवत कायच नाय." जाऊन पाहिलं तर यंत्राचा पडदा गेला होता. पाण्याखालचा भाग, जो आवाज सोडून तळाची खोली मोजतो, तो ठणठणीत होता. नवं यंत्र घ्यायचं तर सबंध हंगामाची कमाई गेली असती. मी त्या जुन्या यंत्राची तार एका चिपमधून तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडली, त्याला छोटा पडदा लावला आणि खारं पाणी लागू नये म्हणून सगळं स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवलं. दिनेशनं तो डबा इंजिनाजवळ टांगला. मग बघून बघून इतरांनी मागितले. असे अकरा डबे झाले.

वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते तिथे तोंडावर पाण्याखाली वाळूचा बार, म्हणजे बांध, आहे. दर पावसाळ्यात तो सरकतो. गेल्या हंगामात जिथे तीन वाव, म्हणजे अठरा फूट, पाणी होतं तिथे या हंगामात कमरेएवढं असू शकतं. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी बार ओलांडताना खाली किती पाणी आहे हे ठाऊक नसलं तर होडी वाळूवर बसते, आणि बसलेल्या होडीला मागून येणारी लाट आडवी करते. डबा होता तो यासाठी.

मी वापरलेली चिप जुनी, तिचा कारखाना कधीच बंद पडलेला. पण कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. कोणीतरी फार पूर्वी तो लिहून दिला आणि नाहीसा झाला. कर्नलच्या लांबलचक यादीत प्रत्येक भागापुढे राखणदाराचं नाव असतं. याच्यापुढे नाव नव्हतं, एक शब्द होता. त्याचा मराठीत अर्थ अनाथ.

या दुभाष्यात एक खोड होती. ती मला घरी टेबलावरच सापडली. यंत्राची तार मी काढली तरी पडद्यावर मघाचाच आकडा दिसत राहिला. उत्तर आलं नाही तर हा गृहस्थ 'उत्तर आलं नाही' म्हणत नव्हता, मागचंच उत्तर पुन्हा देत होता. मी दुरुस्ती लिहिली: उत्तर आलं नाही तर तसं सांग. पॅच केला, टॅब मोजले, पाठवला. अनाथ ड्रायव्हरचे पॅच शेजारच्या भागाचा राखणदार बघतो. कुठल्याशा थंड देशातला माणूस. त्याचं उत्तर तीन वाक्यांचं होतं. हा बदल अनावश्यक आहे. यानं वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडतील. पाठवण्याआधी विचार करत जा.

शेवटच्या वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं, प्राचार्यसुद्धा! उत्तर लिहायला बसले, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा कर्नल. आणि गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे कोणीही सांगेल. नेमकी तिथेच बसले.

म्हणजे काय केलं तेही सांगते. ती दुरुस्ती माझ्याकडे घरात ठेवली आणि डब्यांमध्ये हातानं घालत राहिले. आमच्या धंद्यात हे सगळेच कधी ना कधी करतात, आणि हे करू नये असं सगळेच एकमेकांना सांगतात. कारण कर्नलची नवी आवृत्ती आली की आपली घरची दुरुस्ती त्यात नसते, ती दर वेळी आठवणीनं घालावी लागते. मी दोनदा घातली. तिसऱ्या खेपेला दिनेशच्या डब्यातलं, कर्नल साठवलेलं मेमरी कार्ड खाऱ्या हवेनं खराब झालं, मी नवी आवृत्ती घालून नवं कार्ड दिलं, आणि विसरले.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दिनेश माल घेऊन परत येत होता. सुकती लागली होती. पडद्यावर चार वाव पाणी दिसत होतं, आणि बराच वेळ चारच दिसत होतं, कारण तार सैल झाली होती. होडी पूर्ण वेगात बारवर बसली. लाटेनं ती आडवी केली. दुसरी होडी मदतीला आली तेव्हा दोन होड्यांच्या मध्ये दिनेशचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चंद्राबाई पायाशी बसली होती. ती म्हणाली, "बाई, तुमचा डबा खोटा बोल्ला."

मी म्हणाले, "तार सैल झाली होती."

हे खरं होतं, आणि तरी ते खोटं होतं. घरी येऊन त्याच्या कार्डाची माझ्याकडची प्रत उघडून पाहिली, माझी दुरुस्ती तीत नव्हती. पण खरं सांगायचं तर ते मला दवाखान्यात, त्याच्या हातावरचं बँडेज बघतानाच कळलं होतं. चंद्राबाईला सगळं सांगायला मला आठ दिवस लागले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिनेशला ह्या तुमी सांगा. मी नाय सांगायची." दिनेश माझ्याशी बोलत नव्हता. डबा त्यानं गोणत्यात घालून माळ्यावर टाकला होता. बाकीच्या दहा डब्यांत दुरुस्ती आहे ना ते मी त्याच आठवड्यात तपासून, नव्हती तिथे घालून आले, एकेका होडीवर चढून. त्याच्या डब्यापर्यंत मात्र पोचता येईना.

पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस यादीवर एक पत्र आलं. कुठल्यातरी मोठ्या कंपनीतला एक उत्साही माणूस साफसफाईला निघाला होता. वीसेक अनाथ ड्रायव्हर त्यानं काढून टाकायला काढले होते, त्यात आमचा सातवा. खाली शेरा: वापरणारं कोणी दिसत नाही. पुसल्यानं इतक्या ओळी कमी होतील. पुढे एक हसरं तोंड.

त्या हसऱ्या तोंडानं माझं रक्त उकळलं. पुसला म्हणजे काय होणार ते मला दिसत होतं. डब्यातले छोटे कॉम्प्युटर दोन-तीन वर्षांत खाऱ्या हवेनं मरतात. नवे घ्यायचे तर त्यांना नवा कर्नल लागतो. नव्या कर्नलमध्ये दुभाष्या नसेल तर डबा मुका. बाकीच्या दहा होड्याही दिनेशसारख्या अंदाजानं बार ओलांडणार. आणि दिनेशची बोटं ज्या चुकीनं गेली ती दुरुस्त न होताच पुसली जाणार, जणू कधी झालीच नव्हती. मी दाभोळला जाऊन चंद्राबाईला सांगितलं.

"पुसनार? कोन पुसनार?" ती म्हणाली. "अर्ज करा! सगल्या तांडेलांच्या सह्या घ्या."

आमच्याकडे कुठल्याही संकटावर पहिला उपाय अर्ज. एसटीचा थांबा हलवला, अर्ज. धक्क्यावरचा दिवा गेला, अर्ज. आणि काय सांगू, मीसुद्धा वाहवले! मराठीत अर्ज लिहिला, खाली इंग्रजी तर्जुमा. दहा तांडेलांच्या सह्या झाल्या, दिनेशच्या जागी चंद्राबाईनं अंगठा दिला. मच्छीमार सोसायटीचा जांभळा गोल शिक्का बसला. स्कॅन केला, ईमेलला जोडला, पाठवला. मिनिटाभरात परत आला. यादीचं यंत्र जोडलेलं काही घेतच नाही, आणि हे मी गेली वीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलेय! चंद्राबाईला फोन केला तर म्हणते, "शिक्का फिका उठला असंल."

कपाळ माझं. तेच सगळं साध्या अक्षरांत टाइप केलं आणि पाठवलं. अकरा डबे आहेत, अमुक ठिकाणी आहेत, त्यातले दहा रोज वापरात आहेत, पुसू नका. त्या थंड देशातल्या राखणदाराचं उत्तर आलं. वापरणारे आहेत हे कळलं, पण सांभाळणारा कोण? कोणी नाव लावायला तयार असेल, माहीत असलेले दोष दुरुस्त करत असेल, आणि दुरुस्ती खऱ्या यंत्रावर, खऱ्या पाण्यात तपासून दाखवत असेल, तर ठेवू. नवे बदल घ्यायची मुदत जुलैच्या मध्याला संपते, तोवर झालं पाहिजे.

जुलैच्या मध्याला! जून-जुलै मासेमारीला बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, इंजिनं उतरवलेली. मी तसं कळवलं. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, समजलं, मग आत्ता काढू आणि होड्या पाण्यात गेल्या की परत घालू. ही थाप नव्हती, पण या धंद्यात एकदा काढलेलं परत घालणं म्हणजे काय दिव्य असतं ते आम्हाला माहीत आहे. पाच वर्षं पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मी त्याला दोन ओळी लिहिल्या. काढू नका. नाव माझं लावा.

ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वय काय तुझं? अनाथाश्रम काढतेयस?"

"हो," म्हटलं, "पहिलं लेकरू घेतलं."

होड्या पाण्यात नाहीत तर नाहीत, पाणी तर आहे! आधी ओढून ठेवलेल्या एका होडीचा डबा आणि यंत्राचा पाण्यातला भाग उसना आणून आमच्या परसातल्या विहिरीत सोडला. आवाज चारी बाजूंच्या चिऱ्यांवर आपटून परत येऊ लागला, आणि आमची विहीर कधी पाच फूट खोल तर कधी दीडशे. शेजारच्या वहिनी धावत आल्या, काय पडलं म्हणून. राखणदारानं विहिरीचे आकडे बघून एकच शब्द लिहिला: नाही.

मग चंद्राबाई म्हणाली, "माझ्या होडक्याला बंदी नाय."

खरंच नव्हती. बंदी इंजिनाच्या होड्यांना. तिचं तिसऱ्या काढायचं होडकं वल्ह्याचं. खाडीच्या आतल्या अंगाला, भरती पुरी होऊन पाणी थांबतं त्या तासा-दीड तासात ते नेता येतं. जुलैचं गढूळ पाणी, वरून सरी. बांबूला यंत्र बांधून होडक्याच्या कडेला सोडलं. मोटारसायकलची बॅटरी बादलीत, डबा चंद्राबाईच्या समोर, त्याला जोडलेला माझा लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत, मी पिशवीत हात घालून बसलेली. मला पोहता येत नाही. चंद्राबाईला हे मधोमध गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मंग गप बसून ऱ्हावा. हलू नका."

तपासणी अशी: तार काढायची, पडद्यावर आकडा जाऊन रेघा आल्या पाहिजेत. तार लावायची, खरा आकडा आला पाहिजे. चंद्राबाई दुसऱ्या बांबूनं पाणी मोजून आकडा खरा की खोटा ते सांगणार. तीन दिवस आम्ही हे केलं. तार काढ, तार लाव. दुसऱ्या दिवशी माझ्या मते सगळं बिनचूक झालं होतं, मी लॅपटॉप मिटायला लागले, तर ती म्हणाली, "बाई, थांबा. तार लावल्यावर आदी जुना आकडा आला. मंग नवा."

"छे. मी बघतेय की."

"तुमी पिशवीत बघता. मी पडदा बघतंय. डोला मिटून उगडायच्या आत जुना दिसतो."

पुन्हा लावली. तिचंच बरोबर होतं. पापणी लवते तेवढाच वेळ, पण जुना, खोटा आकडा येत होता. माझ्या दुरुस्तीत भोक राहिलं होतं, आणि वीस वर्षांच्या अनुभवाला ते दिसलं नव्हतं. मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. घरी येऊन जुनं उत्तर आधी पुसायची ओळ घातली, तिसऱ्या दिवशी परत खाडीत गेलो. आता आधी रेघा, मग खरा आकडा. चाळीस वेळा लावून पाहिलं, चाळीसही वेळा बरोबर.

पॅच पाठवला. आणि राखणदाराचं उत्तर काय? चार वर्षांपूर्वीचंच! आकड्याच्या जागी चूक कळवायला लागलात तर वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडतील.

या वेळी मी काही पुसलं नाही. जे लिहिलं ते इथे मराठीत देते. "महिन्यापूर्वी तुम्ही लोक म्हणत होतात की हा ड्रायव्हर वापरणारं कोणी नाही, म्हणून पुसू. आज म्हणता वापरणाऱ्यांचं मोडेल, म्हणून दुरुस्त करू नका. दोन्हींतलं एक काय ते ठरवा. मला माहीत असलेले वापरणारे दहा आहेत, अकरावा होता. त्यांचा प्रोग्राम मी लिहिलाय, तो मोडत नाही. मोडलं ते एका माणसाचं मोडलं, खोट्या आकड्यानं. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणावं, एवढीच ही दुरुस्ती आहे. तुम्ही मला पाठवण्याआधी विचार करायला सांगितलं होतं. मी चार वर्षं केला."

दोन दिवस सामसूम. हे म्हणाले, "घालवलंस." मी म्हटलं, "घालवलं तर घालवलं, पण तोंडावर सांगून घालवलं."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमचं बरोबर आहे. तेव्हाचं माझं ते वाक्य बरं नव्हतं. पॅच घेतो. फक्त एक गोष्ट: वर्णनातला दुसरा परिच्छेद तांत्रिक नाही, तो काढलात तर बरं.

दुसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की हीच दुरुस्ती मी चार वर्षांपूर्वी पाठवली होती, एका उत्तरावर रुसून सोडून दिली, घरी सांभाळली आणि एका होडीत घालायला विसरले. त्यात एका तांडेलाची दोन बोटं गेली. कर्नलच्या इतिहासात एकदा गेलेली ओळ कोणालाही पुसता येत नाही. शंभर वर्षांनी वाचणाऱ्यालाही ती दिसणार. ह्यांनी समजावलं. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो माणूस स्वतःहून काढ म्हणतोय. जगासमोर कशाला?"

मी राखणदाराला कळवलं: परिच्छेद राहील. तो 'हे का करावं लागलं' याचा भाग आहे. काढायचा असेल तर पॅच काढा.

त्यानं ठेवला. खाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची रीत असते, आणि दोष दाखवणाऱ्याचंही. दोन्हीकडे चंद्राबाईचं नाव आहे, आडनावासकट. तिला ईमेल नाही, म्हणून पत्ता माझा चालवून घेतला. आणि राखणदारांच्या यादीत अनाथ हा शब्द होता तिथे माझं नाव लागलं.

जगासमोर लिहिणं सोपं होतं. दिनेशसमोर बाकी होतं. तो अंगणात जाळं विणत बसला होता, डाव्या हाताची उरलेली बोटं दोऱ्यात. मी तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. त्यानं मान वर केली नाही.

"तार सैल झाली व्हती, असा बोल्ला व्हतात तुमी," तो म्हणाला.

"खोटं बोलले होते. मी दुरुस्ती घालायला विसरले होते, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं."

त्यानं दोन-तीन गाठी मारल्या. मग आत गेला, माळ्यावरचं गोणतं आणून माझ्यापुढे ठेवलं आणि पुन्हा जाळ्यापाशी बसला. मी तिथेच अंगणात नवं कार्ड घातलं, तार सुटी असताना येणाऱ्या रेघा दाखवल्या, माझ्या लॅपटॉपला जोडून नमुन्याचा आकडा दाखवला. त्यानं बघितलं की नाही मला कळलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या तेव्हा चंद्राबाईचा निरोप आला की डबा त्यानं टांगलाय, पण तो त्याच्याकडे बघत नाही.

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी सकाळी नारळ खवत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, दिनेश बोलतंय. बारच्या भायेर हाय. डब्यावर नुसत्या रेघा आल्यात."

मी म्हटलं, "तार बघ. आधी तार बघ, दिनेश, नीट बसली आहे का—"

"तार मंग बघीन," तो शांतपणे म्हणाला. "डबा म्हाईत नाय म्हनतोय ना. मंग मी इंजान बंद केलाय. भरती चढली का येतंव."

फोन ठेवला त्यानं. मी खवणीजवळच बसून राहिले. ह्यांनी भरतीची वेळ कॅलेंडरवर बघून सांगितली, चहा आणून दिला, तो निवला. सव्वाबाराला फोन वाजला.

"आलंव," दिनेश म्हणाला. "म्हटला, तुमाला सांगावा."